मालवणचा बर्फ आणि दादरचे भांडवल

माझे साडू नानासाहेब यांना उद्योगधंद्याचे वेड लागले तेव्हा घरच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, कारण त्याआधी त्यांना ज्योतिषाचे होते. ज्योतिषात ते लोकांना भविष्य सांगत. उद्योगात लोक त्यांना भविष्य सांगू लागले, इतकाच काय तो फरक.

दर रविवारी दादरला त्यांच्या दिवाणखान्यात एक मंडळ जमे. कोणी निवृत्त मामलेदार, कोणी वकील, कोणी सासऱ्याच्या इस्टेटीवरचा जावई. चालत्या धंद्यात पैसा घालायचा नाही, हे मंडळाचे पहिले सूत्र. चालता धंदा म्हणजे वाण्याचे दुकान. त्यात देशाची प्रगती ती काय होणार? पैसा घालायचा तो नव्या कल्पनेत, आणि कल्पना जितकी कोणाला कळणार नाही तितकी ती मोठी. लसूण सोलण्याच्या यंत्राने लसणीआधी मालकाचे बोट सोलले, तरी त्याच मालकाला पुढच्या खेपेला भांडवल मिळणे सोपे गेले. तो आता अनुभवी झाला होता ना! एका बिचाऱ्याच्या कारखान्याला पहिल्याच वर्षी थोडा नफा झाला, तेव्हा मात्र सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वकील म्हणाले, मुलाची दृष्टी आखूड दिसते.

अशा या दरबारात एके रविवारी मालवणचा गुणाजी आला. तिशीच्या आतबाहेरचा, मुंबईत यंत्रांच्या दुरुस्तीचे शिकलेला, कोट घातलेला तरुण. त्याला मालवणच्या किनाऱ्यावर बर्फाचा कारखाना काढायचा होता. ताजा बांगडा बर्फात घालून बोटीने मुंबईला आणायचा. त्याने भिंतीवर एक तक्ता टांगला आणि हिशेब मांडला, की मुंबईतल्या मासे खाणाऱ्या प्रत्येक घराने आठवड्याला फक्त एक बांगडा घेतला तर... पुढचा आकडा ऐकून मामलेदारांचा चहा बशीतच राहिला. मंडळातल्या एकानेही जन्मात मासा खाल्लेला नव्हता. बांगडा त्यांनी त्या तक्त्यावरच प्रथम पाहिला, आणि तोही गुणाजीने काढलेला, त्यामुळे डोळा असलेल्या केळ्यासारखा.

"माशातलं मला काही कळत नाही," नानासाहेब म्हणाले, "पण मुलाच्या डोळ्यांत चमक आहे."

त्या चमकेवर पहिला हप्ता गेला. त्यातून बर्फाचे एक जुने यंत्र मंडळाच्या नावाने विकत घेतले. दुसऱ्या हप्त्यातून ते चालवायला डिझेलचे इंजिन यायचे होते, कारण मालवणात तेव्हा वीज ही बातमीत होती, तारेत नव्हती. दुसरा हप्ता देण्याआधी कोणीतरी जाऊन प्रगती पाहून यावी असे ठरले. माझी विमा कचेरीतली रजा शिल्लक होती, आणि मंडळात माझा एक पैसाही नव्हता. म्हणजे मी निःपक्षपाती ठरलो. कार्तिक संपता संपता मी मालवणच्या बोटीत बसलो.

बोटीच्या प्रवासाचे वर्णन मी करणार नाही. ज्यांना बोट लागते त्यांना ते वाचवणार नाही, आणि ज्यांना लागत नाही त्यांच्याशी मला बोलायचे नाही.

बंदर

मालवणला बोट धक्क्याला लागत नाही, दूर समुद्रात उभी राहते. तिथून होडीत उतरायचे. होडी वर आली की उडी मारायची, खाली गेली की थांबायचे, एवढे साधे गणित आहे. मी ते उलटे केले. खलाशाने मला दंडाला धरून आत ओढले, पण उजव्या पायातला बूट बोट आणि होडी यांच्यामध्ये समुद्रात गेला. नवा होता, खास या तपासणीसाठी घेतलेला.

किनाऱ्यावर गुणाजी कोट आणि टाय घालून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा होता. "या साहेब, प्रवास सुखाचा झाला ना?" असे त्याने मला कचेरीतल्या मराठीत विचारले आणि लगेच खलाशाकडे वळून म्हणाला, "अरे मेल्या, सायबाचो बूट गेलो आणि तू बघतस काय?" खलाशाने समुद्राकडे पाहिले, माझ्या मोज्याकडे पाहिले आणि बिडी पेटवली. मी उरलेला मुक्काम गुणाजीच्या वहाणांत काढला.

आधी कचेरी दाखवण्यात आली. बाजारात एका दुकानावरच्या खोलीला ताजी रंगवलेली पाटी होती. आत टेबल, फिरती खुर्ची आणि "व्यवस्थापकीय संचालक" अशी पितळी अक्षरे. ती अक्षरे खुर्चीकडे तोंड करून ठेवली होती, म्हणजे संचालकालाच दिवसभर वाचता यावीत. टेलिफोन अजून मिळाला नव्हता, म्हणून त्याची जागा रिकामी राखून तिच्यावर विणलेला रुमाल घातला होता. भेटीची कार्डे दोन तऱ्हेची होती. मी म्हटले, आता कारखाना पाहू.

"कारखाना वाटेत आहे," गुणाजी म्हणाला.

हे अक्षरशः खरे होते. यंत्र गलबतातून येत होते आणि गलबत वाऱ्यासाठी विजयदुर्गाला थांबले होते. सरकारी कागदासाठी अडलेले कारखाने मी पुष्कळ ऐकले होते. वाऱ्यासाठी अडलेला हा पहिलाच.

मी उतरलो गुणाजीच्याच घरी. त्याची आई, जिला सगळी आळी आये म्हणे, बाजारात मासळी विकायची. नऊवारी घट्ट नेसलेली, आवाज असा की बंदरावरच्या होडीला घरातून हाक मारावी. तिने माझ्यापुढे उकड्या तांदळाची पेज ठेवली आणि मुंबईच्या शेठजींची चौकशी सुरू केली. ते कुठला मासा खातात? मी सांगितले, कुठलाच नाही. मग माशात पैसे कशाला घातले? मी तिला नव्या कल्पना, धोका आणि देशाची प्रगती हे सगळे समजावले, आणि शेवटी तिच्या मुलाच्या डोळ्यांतल्या चमकेपर्यंत आलो.

आयेने पोराच्या डोळ्यांत निरखून पाहिले. "ती चमक न्हय," ती म्हणाली. "खाऱ्या वाऱ्यान चुरचुरतत तेचे डोळे. लहानपणापासून आसा ता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला रापण दाखवायला नेले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे अवाढव्य जाळे. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकत जातात आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर धरून माणसे वाळूतून मागे मागे सरत ते ओढतात. हे जाळे एकाचे नसते. बऱ्याच घरांनी आपापले तुकडे आणून ते जोडलेले असते. त्यांचा प्रमुख होता आयेचा भाऊ, भिकू तांडेल. हा माणूस बोलायचा कमी आणि त्यातलेही निम्मे तंबाखूत जाई.

जाळे वर आल्यावर वाटे पडले. एक जाळ्याचा, एक होडीचा, एक देवाचा, आणि मग दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा. आचऱ्याहून पाहुणा म्हणून आलेला एक म्हातारा सहज गंमत म्हणून दोर धरून उभा होता. त्याच्याही पदरात मूठभर तारली पडली. कोणी त्याला तू कोण म्हणून विचारले नाही. आमच्या देशावर फुकट काम केले तर माणूस वेडा ठरतो आणि फुकट खाल्ले तर पुढारी, म्हणून मला याचे नवल वाटले.

परतताना आयेने एक रिकामी वखार दाखवली आणि तिथे तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. दरवर्षी नारळी पौर्णिमेनंतर या वखारीत शिरोड्याचे मीठ भरून ठेवत. बांगड्याचा थवा लागला की गावाला खाऊन संपत नाही इतका मासा येतो. उरलेला मिठात घालायचा, म्हणजे घाटावर विकता येतो आणि पावसाळ्याची चूल पेटते. यंदा गुणाजीने सगळ्या रापणकऱ्यांपुढे उभे राहून भाषण केले, की मीठ ही कालची गोष्ट झाली. वखार कारखान्यासाठी मोकळी करून घेतली. मीठ कोणी आणलेच नाही. आता बांगडा कधीही लागेल, आणि बर्फ नसला तर तो माडांच्या मुळाशी खत म्हणून पुरावा लागेल.

"गुणो माजो झील," ती म्हणाली. "तेका सगळे हसतत, मीय हसतंय. पण पोरा-बाळांची घरा आसत हय. रात्री माका झोप लागणा नाय."

मी विमा कचेरीतला माणूस. धोका हा शब्द दिवसातून शंभर वेळा लिहीत असे. त्या रिकाम्या वखारीत उभे राहिल्यावर तो शब्द मला आवडेनासा झाला.

धामापूर

वारा पडलेलाच होता. तेवढ्यात देवीच्या कानावर घालून येऊ, असे गुणाजी म्हणाला आणि आम्ही एस.टी.ने धामापूरला गेलो. एस.टी. प्रत्येक फणसाखाली थांबत होती. कंडक्टर एका घरात उतरून ताक पिऊन आला, आणि प्रवाशांपैकी कोणी ब्रही काढला नाही. उलट ताक बरे होते का, म्हणून चौकशी झाली.

धामापूरचा तलाव मात्र वर्णन करावा असा आहे. चहूबाजूंनी झाडी, मध्ये हिरवेगार संथ पाणी आणि काठावर भगवतीचे देऊळ. मी बराच वेळ पायरीवर नुसता बसून राहिलो. गेल्या कित्येक महिन्यांत मी इतका वेळ प्रगतीवाचून राहिलो नव्हतो.

तिथल्या पुजाऱ्याने तलावाची गोष्ट सांगितली. पूर्वी म्हणे कोणाच्या घरी लग्न निघाले आणि दागिने नसले, की त्याने फुलांची परडी पाण्यात सोडायची आणि देवीला मागणे घालायचे. परडी बुडे आणि सोन्याचे दागिने घेऊन वर येई. लग्न झाले की दागिने परत पाण्यात सोडायचे, एवढीच अट. व्याज नाही, तारण नाही, डोळ्यांतली चमक बघणे नाही. पुढे कोणा एकाने ते परत केलेच नाहीत आणि तेव्हापासून परडी रिकामीच वर येते. म्हणजे भांडवल पुरवणारे पहिले मंडळ दादरचे नव्हे, हे मला त्या दिवशी कळले. आणि एकाच अनुभवात ते शहाणे झाले, हेही.

मग गाऱ्हाणे झाले. आमच्याकडे देवापुढे माणूस मनातल्या मनात पुटपुटतो. इथे एकजण उभा राहून सगळी हकीकत मोठ्याने देवीला सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला होकार भरतात. पुजाऱ्याने सुरुवात केली, "बा गे आई भगवती, आज ह्यो गुणो तुज्या पायाकडे इलो आसा, तेच्या यंत्राक वारो दी, तेका सुखरूप हाड गे माये..." आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." पुढे दादरच्या पाच शेठजींचाही उल्लेख झाला, त्यांची बुद्धी जाग्यावर राहू दे, अशी खास विनंती झाली. "व्हय म्हाराजा," मी सर्वांच्या वर आवाज काढून म्हटले.

मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक सभा मी पाहिल्या आहेत. अध्यक्ष वाचतात, सभासद होकार देतात आणि बाहेर येऊन वडे खातात. पद्धत हीच. फक्त तिथे ऐकणारा कोणी नसतो.

किनारा

दुसऱ्या दिवशी गलबत आले. गाऱ्हाणे फळले म्हणून आयेने नारळ फोडला. वारा तसाही फिरायचा होता, असे गुणाजी शास्त्रीय आवाजात म्हणाला आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा त्यानेच घेतला.

यंत्र पाहून माझी छाती दडपली. काळे लोखंडी धूड, चारदोन बैलांना न हलणारे. धक्क्यावर जड माल उचलणारी यारी नव्हती. भिकू तांडेलने भरतीच्या वेळी दोन होड्या एकमेकींना बांधल्या, त्यांच्यावर यंत्र उतरवले, होड्या वाळूला लागल्यावर पुढे माडाची खोडे घातली आणि यंत्राला रापणीचेच दोर बांधले. मग हाक गेली. रापणकरी आले, त्यांच्या बायका आल्या, बाजारातला शिंपी सुई टोपीला खोचून आला, पोस्टमन पिशवी माडाला अडकवून आला, भातगिरणीचा मालक आबा शेट धोतराचा काचा मारून आला, बंदरावरचे सगळे हमाल आले, गलबतावरचे खलाशीही उतरले. वहाणा वाळूत रुतून मी पडायला लागलो म्हणून आधारासाठी मीही दोर धरला. धरलाच आहे तर म्हणून थोडा ओढला.

दुपार कलेपर्यंत यंत्र वखारीत गेले. सगळ्यांचे तळहात सोलले होते. आयेने कळशी फिरवली. पाणी पिऊन झाले तसा भिकू तांडेल पुढे आला आणि तोंडातली तंबाखू बाजूला सारून त्याने गुणाजीला विचारले, "वाटो कसो करूचो?"

आणि संचालकसाहेब, जन्मभर ऐकत आलेले वाक्य जसे तोंडातून निघते तसे, म्हणाले, "दोराक हात लावल्यान तेचो वाटो."

कशाचा वाटा, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. कारखान्याचा! बर्फाचा, नफ्याचा, सगळ्याचा. समुद्रातून वर ओढलेल्या वस्तूला ज्याचा हात लागला, त्याचा तिच्यात वाटा. मासा असो की यंत्र असो. यात कोणालाच काही विशेष वाटले नाही. भांडण झाले ते हात कोणाचा लागला यावरून. शिंप्याने एकाच हाताने ओढले म्हणून त्याला अर्धा द्यावा असे निघाले. एकजण नुसता "हेयऽ हेयऽ" ओरडत होता, त्याचे म्हणणे त्याच्या ओरडण्यावाचून यंत्र हललेच नसते. आबा शेट शेवटून दुसऱ्या जागेवर होते की पहिल्या, यावर तर त्यांनी गिरणी बंद ठेवून वाद घातला.

मी गुणाजीला बाजूला घेतले आणि कंपनीचे भाग असे वाळूत वाटत नसतात, हे जमेल तितक्या शांतपणे सांगितले.

"मग दोर ओढणाऱ्यांना काय द्यायचं, साहेब? मजुरी?" मी काहीतरी अचकटविचकट बोललो असे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. "मजुरी परक्याला देतात."

"आणि दादरच्या मंडळाचा वाटा?"

"आहे की. त्यांचाही हात आहेच दोराला. मोठा हात आहे. मी नाकारतो का?"

मुंबईत दोन वर्षे यंत्रे शिकून, टाय बांधायला शिकून, तक्ता टांगायला शिकून हा मुलगा मूळचा जिथला तिथेच होता. मला हसू येत होते आणि नानासाहेबांना काय सांगायचे या विचाराने घामही फुटत होता. तेवढ्यात भिकू तांडेल माझ्यापाशी आला. "तुमचोय हात होतो," एवढे म्हणून गेला. अशा रीतीने दादरच्या मंडळात जो मला कधी मिळाला नाही, तो भाग मालवणात वहाण रुतल्यामुळे मिळाला.

तार

नानासाहेबांना काही कळवण्याची वेळच आली नाही. दोन दिवसांनी त्यांचीच तार आली. ती माझ्या हातात पडण्याआधी बाजारभर झाली होती, कारण पोस्टमन आता भागीदार होता आणि कारखान्याची तार म्हणजे त्याचीच तार. मजकूर थोडका होता. मंडळाने बर्फ सोडला. प्लास्टिकच्या बादल्या नक्की. यंत्राला मुंबईत गिऱ्हाईक आहे, ताबडतोब परत पाठवा.

मला सगळा प्रसंग डोळ्यांपुढे दिसला. रविवारी कोणीतरी नवा तरुण आला असणार, त्याने बादली टेबलावर आपटून ती फुटत नाही हे दाखवले असणार, आणि त्याच्या डोळ्यांत चमक असणार.

मी कचेरीत गेलो. गुणाजी फिरत्या खुर्चीत न फिरता बसला होता. टाय काढून त्याने टेलिफोनच्या जागेवर ठेवला होता. मला वाटले तो शेठजींना शिव्या देईल. त्या ऐकायची माझी तयारी होती आणि एक-दोन सुचवायचीही.

"साहेब," तो म्हणाला, "मीठ नाही आणलं आम्ही."

त्याच्या तोंडून एवढेच आले. त्याला स्वतःच्या कारखान्याचे, पाटीचे, कार्डांचे काही वाटत नव्हते. त्याच सकाळी होडीवाल्यांनी बांगड्याची पहिली लकेर दिसल्याचे सांगितले होते.

पण मी मंडळाचा प्रतिनिधी होतो आणि यंत्र मंडळाच्या नावावर होते. तार खिशात घालून मी किनाऱ्यावर गेलो. वखारीपुढे सगळे भागीदार जमलेलेच होते. आये टोपली डोक्यावर घेऊन उभी होती. मी तार वाचून दाखवली, जी सगळ्यांना पाठ होती. "शिरा पडो त्या तारेर," आये म्हणाली, आणि सगळ्यांनी भिकू तांडेलकडे पाहिले.

तांडेलाने तंबाखू थुंकली. त्याअर्थी तो दोन-तीन वाक्ये बोलणार होता.

"यंत्र तुमचा, न्हेवा. आमी खंय आडवतंव? पण दोराक हात कोण लावतलो?"

कोणी हसले नाही, कोणी दमदाटी केली नाही. शिंपी हाताची घडी घालून उभा राहिला, पोस्टमनने पिशवी खांद्यावर घेतली, हमाल वाळूत बसले, आबा शेटनी धोतराचा काचा सोडला. मालवणात दोर ओढू शकणारा प्रत्येक हात त्या वखारीत भागीदार होता, आणि स्वतःचा वाटा समुद्रात ढकलायला कोण जातो? गुणाजीने जी चूक केली होती तिच्याशिवाय दुसऱ्या कशानेही ते यंत्र वाचले नसते. मजुरी दिली असती तर त्याच हातांनी मजुरी घेऊन ते परत गलबतात चढवले असते.

तरीही कर्तव्य म्हणून मी वखारीत शिरलो, यंत्राला खांदा लावला आणि डोळे मिटून जोर केला. यंत्राने दखल घेतली नाही.

"सायबानू," आये बाहेरून म्हणाली, "दुसरो बूट सांभाळा हां."

तेव्हा मात्र सगळा किनारा हसला, आणि त्यात मीही होतो. तिथून मी थेट पोस्टात जाऊन तार केली: यंत्र हलत नाही. आयुष्यात इतका संक्षिप्त आणि इतका खरा अहवाल मी दुसरा लिहिलेला नाही. उत्तर आले, मजूर लावा. मी कळवले, सगळे मजूर मालक आहेत. यावर दादरला काय चर्चा झाली कोण जाणे, पण शेवटची तार आली की बादल्या थांबत नाहीत, तुम्ही निघून या.

इंजिनाचा प्रश्न राहिलाच होता. तो भिकू तांडेलने सोडवला, म्हणजे आबा शेटकडे नुसते बघत राहून सोडवला. आबा शेटची भातगिरणी डिझेलच्या इंजिनावर चालत होती. जाळ्याला वाटा असतो, होडीला असतो, मग इंजिनाला का नसावा? आबा शेटनी अर्धा दिवस नाही म्हटले, हा वाटा आपल्या दोराच्या वाट्याहून वेगळा धरायचा हे तीनदा वदवून घेतले, आणि मग इंजिन उपटून दिले. त्या हंगामात निम्म्या मालवणातल्या बायकांनी भात हाताने कांडले, आणि मुसळाच्या प्रत्येक ठोक्याला गुणाजीचे कूळ उद्धरले. आये त्यात पुढे होती.

मी निघालो त्या सकाळी यंत्र पहिल्यांदा खोकले. बर्फ काही झाला नाही, थंड पाणी झाले. गुणाजीने ते पेल्यात घालून मला दिले आणि मी पिईपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मी म्हटले, दात शिरशिरले. तो लहान मुलासारखा हसला. खाऱ्या वाऱ्याने असेल, पण डोळे चमकत होते खरे.

दादर

प्लास्टिकच्या बादल्या टेबलावर आपटून फुटत नसत, हे खरे होते. पाणी भरून उचलल्या की त्यांची कडी निघून येई. माघात मंडळ त्या कडीवर विचार करत बसले असताना, एका रविवारी मालवणचा एक खलाशी दिवाणखान्याच्या दारात उभा राहिला. माझ्या मोज्याकडे पाहून बिडी पेटवणारा तोच. डोक्यावर लाकडी खोके होते आणि त्यातून पाणी गळत होते. माझ्या घरी कुलूप पाहून त्याने शेजारी विचारले होते.

खोके उघडले. भाताच्या कोंड्यात बर्फाची ढेकळे होती आणि त्यांच्यात तीन बांगडे, नुकतेच पाण्यातून काढल्यासारखे निळेहिरवे. वकिलांनी नाकाला रुमाल लावला. तळाशी केळीच्या पानात गुंडाळलेला माझा उजवा बूट होता.

"रापणीत गावलो," खलाशी म्हणाला. "भिकू तांडेलान सांगल्यान, हेचे वाटे पडणत नाय, म्हणान अख्खो धाडलो. बांगडे तुमच्या दोराच्या वाट्याचे. इंजिनाचो काढून घेतलो आसा."

हंगाम बरा गेला होता. सगळा बांगडा बर्फात मावला नाही, उरला तो गावाने खाल्ला, पण खताला एक टोपलीही गेली नव्हती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. इतका आनंद मला स्वतःच्या बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

नानासाहेबांनी बुटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आणि मंडळाचा वाटा?"

"तो काढलो हा," खलाशी म्हणाला. "पण तुमच्याकडे कोण मासे खाणारो नाय. म्हणान आयेन तो इकल्यान आणि तेचा मीठ घेवन वखारीत ठेवल्यान. न जाणो, म्हणाली."

नानासाहेब उठले, खोक्यापाशी वाकले आणि सोवळ्याओवळ्याचा विचार न करता त्यांनी कोंडा झटकून बर्फाचे एक ढेकूळ उचलले. इतक्या वर्षांत, इतक्या कल्पनांत पैसा घालून, त्यांच्या कुठल्या कारखान्याने बनवलेली चीज त्यांच्या हातात कधी आली नव्हती. ढेकूळ धरून ते उभे राहिले. पाणी कोपरापर्यंत ओघळले, धोतरावर पडले, बोटे लाल झाली. ढेकूळ सुपारीएवढे झाले, मग तेही गेले.

ओल्या तळहाताकडे थोडा वेळ बघून ते हळूच म्हणाले, "अजून आहे का रे?"